स्पीकरमधली घूंघूं

३ मार्च, सोमवार
सासऱ्यांच्या कपाटात सासूबाईंच्या गाण्याची कॅसेट सापडली. त्या गेल्यापासून त्यांचा आवाज म्हणून एवढाच. येत्या १६ तारखेला सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरलं. कुठे? साडूकडे! त्याचे स्पीकर म्हणे 'क्लिअर'. मी फोनवरच जाहीर केलं, आमच्याकडे. थोरला जावई मी आहे. कॅसेट लगेच ताब्यात घेतली.

४ मार्च, मंगळवार
ही ऑफिसला गेल्यावर लावून पाहिली. घूंऽऽ. सासूबाईंचं बोलणं कुठेतरी मागे. लगेच बंद केली. आमच्या अँप्लिफायरमध्ये दोष असणं शक्य नाही, मी स्वतः निवडलाय. घरातली बाकीची विजेची उपकरणं त्रास देतायत. हिला अजून ऐकवायची नाही. आधी घूं जाईल, मग सासूबाई.

६ मार्च, गुरुवार
स्पीकरच्या वायरी विजेच्या वायरींपासून लांब नेल्या. आता त्या बाथरूमच्या दारातून जातात. ही अडखळली. घूं जैसे थे.

८ मार्च, शनिवार
ट्यूबलाइट काढल्या. चार्जर हद्दपार. वायरींना काळे मणी बसवले, ते म्हणे आवाज शोषतात. काही शोषलं नाही.
साडूचा फोन. मदतीला येऊ का, विचारत होता. नको म्हटलं. मग म्हणाला, दुसरी एखादी कॅसेट लावून बघा. काय हा सल्ला! आजारी माणूस सोडून शेजाऱ्याला तपासायचं? त्याने सांगितलं नसतं तर कदाचित लावलीही असती.

११ मार्च, मंगळवार
ही म्हणाली, एकदा तरी ऐकू दे, घूंसकट चालेल. आईचा आवाज आहे, परीक्षा नाही. मी समजावलं की तिच्या आईला शोभेल असंच ऐकवणार. ही उठून आत गेली. बहुधा पटलं.

१३ मार्च, गुरुवार
वायरमनने सिस्टीमला वेगळा प्लग, वेगळं अर्थिंग करून दिलं. फरक शून्य. राहता राहिला फ्रिज. तो समोरच्या भिंतीला घुरघुरत असतो. मला पहिल्यापासूनच संशय होता.

१६ मार्च, रविवार, सकाळ
घरात फक्त सिस्टीम चालू. फ्रिज, पंखे, वायफाय, सगळं बंद. दूध नासलं. असू दे. चाचणी घेतली नाही. आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

१६ मार्च, संध्याकाळ
सगळे घामाघूम. साडू तक्रारसुद्धा करेना, इतका कुजका. बटण दाबलं.
घूंऽऽ.
साडूकडे बघायची हिंमत झाली नाही. बंद करायला हात पुढे केला, तर मेहुणीने तो धरला. ओरडली, ताई, हा तर आपला जुना फ्रिज! सासरे उठून स्पीकरपाशी गेले. म्हणाले, थांबा, आता ती लाथ मारेल. आणि टेपमध्ये खरंच धप्प झालं. घूं थांबला. सासूबाईंचा आवाज आला, गप बस मेल्या, गाऊ दे जरा. मग गायल्या. स्वच्छ, अगदी खोलीत बसल्यासारख्या.
गाणं सुरू व्हायच्या आतच मी रोज बंद करत होतो.
सगळे रडत होते, हसत होते. ही स्पीकरला कान लावून बसली होती. साडूने विचारलं, सुरुवातीचा फ्रिज पुन्हा लावता का? पुन्हा लावला. तीनदा. दुसऱ्या कॅसेटच्या सल्ल्याचं त्याने नाव काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.
त्याचा हेवा नेहमीचाच. आज एका भंगारात गेलेल्या फ्रिजचाही वाटला. मी आणलेल्या कशालाही हिने असा कान लावलेला नाही.

१७ मार्च, सोमवार
कॅसेट साडूकडे गेली. यापुढे तिथेच ऐकायची, तिथे पंखा असतो. हिने स्वतः पिशवीत घालून दिली. मग मला म्हणाली, तेरा दिवस आई या घरात होती आणि तू मला भेटू दिली नाहीस.
आमचा फ्रिज कालपासून चालू होत नाही. लाथ मारून पाहिली. अंगठा सुजला.
आत्ता सिस्टीम लावून बसलोय. घूं नाही, खरखर नाही. इतकी शांतता साडूकडेसुद्धा नसेल. आतल्या खोलीत ही मेहुणीशी फोनवर बोलतेय. दोघी आळीपाळीने घूंऽऽ करतायत आणि हसतायत. सगळं स्वच्छ ऐकू येतंय.