बेल्जियममध्ये राहिलेला ढोल

मी, काकासाहेब कडूबा शिंगाडे, वय ७१, मेंढ्या विकल्यापासून शेतकरी, मनाने अजून ढोलवाला, राहणार केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो की,

१. घर व तीन एकर जमीन मुलगा कल्याण याला. बांधावरच्या बाभळीसाठी त्याने शेजाऱ्यांशी भांडू नये. ती त्यांचीच आहे, मला ठाऊक आहे.

२. एकाच आंब्याच्या खोडाचे दोन ढोल मुलगी रेणुका हिला. एक घरात आहे. दुसरा बेल्जियममध्ये, आम्हाला उतरायला जागा देणाऱ्या मीकेबाईंच्या गोठ्यात आहे.

इंग्लंडची एक संस्था आमच्या धनगरी ढोलपथकाला दर उन्हाळ्यात बोलवायची. ढोल गाडीत टाकून तिकडून फ्रान्स, बेल्जियम फिरायचो, ढोलासाठी वाटेत कोणी अडवत नसे. २०१९ साली बेल्जियममध्येच माझा खांदा धरला. आमच्यात ढोल सामानात पाठवत नाहीत, खांद्यावरच घरी आणतात. सोबत आलेली रेणुका म्हणाली, "आबा, मी घेते की." पोरीच्या खांद्यावर ढोल म्हटले की गावात धाकटा भाऊ गोरक्षनाथ हसायचा, म्हणून मी म्हणालो, "न्हाई, राहू दे. पुढल्या साली येऊन राह्यलोच की."

पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. ढोला-झांजांचे सीमेवर कागद, गाडीने किती गावी थांबायचे त्याचेही बंधन, वर संघाची मदत बंद. संस्थेने आधी युरोपचा दौरा सोडला, मग तीच मिटली. मत त्यांनी दिले, अडकला माझा ढोल.

दसऱ्याला मीकेबाई फोनवरून त्यावर थाप देतात, मी इकडून उत्तर देतो. आवाज जरा उशिरा पोचतो, ताल काही जुळत नाही. त्या ढोलाची मला फार आठवण येते.

३. तो रेणुकाने स्वतःच्या खांद्यावर, गोरक्षनाथच्या दारावरून आणावा. साक्षीदाराला वाटा ठेवत नाहीत असे वकील म्हणाले; ढोलावर त्याने हक्क सांगू नये म्हणूनच त्याला साक्षीदार केले. हे वाचून तो म्हणाला, "दादा, मीच चुकलो व्हतो. आणू दे तिला." हेही नोंदवून ठेवतो.

४. तोवर माझ्यासाठी कोणी ढोल वाजवू नये. तो आला की अंगणात एक रेणुकाने, एक गोरक्षनाथने धरावा आणि दोन्ही बराबर वाजवावेत. मी लांब असेन, थाप हळू देऊ नये.

लिहून देणार : काकासाहेब कडूबा शिंगाडे (सही)
साक्षीदार : १. गोरक्षनाथ कडूबा शिंगाडे (सही)
२. राधेश्याम तोतला, किराणा दुकानदार (सही)

केदारखेडा, दि. १२ ऑक्टोबर २०२५