साक्षीत गाळलेल्या गोळ्या

रवि., १२ जाने.
उपासना संपली. चपला शोधत होते, तर मागून सुनंदा. म्हसा गावाकडची, पावसाळ्यापासून आमच्या मंडळीत येते. चेहरा फुललेला.
"ताई, मी गोळ्या सोडल्या. पंधरा दिस झालं."
कसल्या, विचारलं.
"टीबीच्या गो. तुमी नाताळात प्रभूनं बरं केल्याची साक्ष दिलीत ना, तवाच ठरवलं. तुमचा खोकला गेला, माझा नाय जायचा?"
मी काय म्हणाले? "प्रभू भलं करो." आणि रिक्षात बसले.

सोम., १३ जाने.
नववीला शनिवारचाच धडा पुन्हा शिकवला. मुलींनी हसून सांगितलं तेव्हा कळलं.
साक्ष शब्दन् शब्द आठवून पाहिली. खोटं एकही वाक्य नाही. खोकल्यातून रक्त पडलं, दोन डॉक्टर झाले, गुडघे टेकले, बरी झाले. फक्त तिसरा डॉक्टर गाळला. आणि सहा महिन्यांच्या गोळ्या. टीबी हा शब्दही. शहापुरात कुणी पाहू नये म्हणून कल्याणहून आणायचे, तूरडाळीच्या डब्यात ठेवायचे.
चर्चच्या पाळकांनी तीनच मिनिटं दिली होती, असं मनाला सांगत आले. "गोळ्या घेतल्या" म्हणायला किती वेळ लागतो?

बुध., १५ जाने.
बायबलात मार्क, पाचवा अध्याय. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. वैद्यांनी तिला आणखी त्रासच दिला, एवढंच मी साक्षीसाठी उचललं होतं. टाळ्या पडल्या होत्या.
आज पुढचं वाचलं. प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हाच ती बरी झाली. गुपचूप घरी जाणार होती. त्याने थांबवलं. का? बरी तर झालीच होती. गर्दीसमोर कापत कापत सगळं सांगितलं, त्यानंतरच त्याने तिला मुलगी म्हटलं.
मी गुपचूप घरी गेलेली.
नवरा, विलास, म्हणतो, "तिच्या गावच्या आशाताईला फोन कर, गोळ्या तीच देते ना, ती बघेल. तुझं नाव कशाला?" खरंच सोपं आहे. दोनदा फोन हातात घेतला. दोनदा खाली ठेवला.

शनि., १८ जाने.
सुनंदाकडे गेले. म्हशाची जत्रा चालू, जीपमध्ये घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर बसून. सुनंदाचा नवरा बैल बघायला गेलेला, ती एकटीच तांदूळ पाखडत होती. आधीपेक्षा खंगली आहे. दोनदा सूप खाली ठेवून खोकली.
गोळ्या परत घे, सांगितलं. ऐकेना. "आशाताईनं पाठवलं का तुमाला?"
म्हटलं, गोळ्यांच्या पहिल्याच आठवड्यात लघवी लाल झाली ना तुझी?
सूप थांबलं. "तुमाला कसं ठाव?"
"माझीही झाली होती. सहा महिने."
हसली, बरं नव्हतं ते हसणं. "म्हंजे प्रभूनं नाय, गोळ्यांनी?"
म्हटलं, मी दोन्ही धरून बरी झाले. एक सांगितलं, एक लपवलं.
"का गो लपवलं?"
"लाज वाटली."
"शिकलेल्या बाईला लाज. आनी आमी तुमच्या लाजेवर मरायचं?"
निघताना दारापर्यंत आली. "माझ्या एकलीजवळ कशाला सांगता? तितं माइकवर बोललात, तितंच बोला. मग मी बघीन."

रवि., १९ जाने.
पाळकांना आधी विचारलं. म्हणाले, "वैयक्तिक आहे ताई, तिला एकटीला समजावा ना." समजावलंय म्हटलं. मग माइक दिला.
वाचून दाखवायचं लिहून नेलं होतं, अक्षर लागेना. टीबी म्हटलं. कल्याण म्हटलं. डाळीचा डबासुद्धा. पुढच्या बाकावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला, दोन वर्षांपूर्वीच्या आजाराला. टाळ्या नाहीत. कुणीतरी "आमेन" म्हणालं, मधेच थांबलं.
सुनंदा शेवटच्या रांगेत होती. माझं संपायच्या आधीच उठून बाहेर गेली.

सोम., २० जाने.
शाळेत दोघी शिक्षिकांनी डबा लांब बसून खाल्ला. किंवा मलाच तसं वाटलं. आता लपवायला काही नाही तरी मान वर होत नाही. हे तिच्यासाठी केलं की स्वतःचं मन धुवायला, कळत नाही.
संध्याकाळी सुनंदाचा फोन. "ताई, उद्या सरकारी दवाखान्यात येताव? दिसभर बसवतात. मी बोलनार नाय तुमच्याशी. नुसतं शेजारी बसा."
तिथे सगळे ओळखीचे.
हो म्हटलं आहे. गोळ्या परत चालू करणार का, विचारलं नाही.