कर की, कोण नको म्हणतंय?

प्रिय ठमे,

काल तुझा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी नुसती त्याच्याकडे बघत बसले. उचलला नाही. कामात नव्हते, आंघोळीला गेले नव्हते, तब्येतही ठणठणीत आहे. मी तुझ्यावर रागावले आहे. आठ दिवस वाट पाहिली, म्हटलं उतरेल. पण उतरायचं नावच घेईना, उलट रोज सकाळी नवा चढतोय. शेवटी कागदच घेतला. हे पत्र एका जागी बसून वाच आणि सलग वाच. मध्ये पोरगी रडली तर तिच्या बापाला उठू दे. त्याला पाय आहेत.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात तू जे भाषण केलंस ना, ते मला अजून गिळवत नाही. लॅबच्या ज्या खोलीत मी एकतीस वर्षं रक्त घेताना लोकांना ‘मूठ आवळा, आता सोडा’ म्हणत आले, तिथेच तू माईक घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘माझ्या आईने नोकरी, घर, आम्ही दोघं भावंडं आणि तिच्या गोधड्या, या सगळ्यांचा सुंदर तोल सांभाळला, आणि कधी तोंडातून ब्र काढला नाही.’ टाळ्या पडल्या. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तुझे बाबा तर असे बसले होते की जणू तराजूची दांडी त्यांनीच धरली होती. मी हसत होते. गाल दुखेपर्यंत हसत होते.

खोटं होतं ते, ठमे. तू मुद्दाम बोलली नाहीस, पण खोटंच. तोल कसला डोंबलाचा! आपल्या घरात मोठं टेबल एकच, जेवणाचं. कपडे धुवायचं मशीन फिरत असेल तेवढा वेळ ते माझं. तेवढ्यात तुकडे मांडायचे, जुळवायचे, दोन ओळी शिवायच्या, की कोणीतरी येऊन भूक लागली म्हणणार. मग सगळं गोळा करून बुटाच्या खोक्यात. दुसऱ्या दिवशी खोकं उघडावं तर कालची मांडणी कुठली आठवायला! एकेक चौकट मी चार-चारदा जुळवलेली आहे. आणि ब्र काढला नाही? अगं, माझ्या कापडाच्या कात्रीवरून मी किती आरडाओरडा केलाय! दादाने त्या कात्रीने शाळेचा पुठ्ठा कापला, तू बाहुलीचे केस कापलेस, तुझ्या बाबांनी दाराच्या घंटीची वायर कापली. मी ओरडले की तुम्ही तिघं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायचात. ‘आईची कात्री’ हा आपल्या घरातला पेटंट विनोद होता, आल्यागेल्यालाही सांगायचात. म्हणजे ब्र मी चांगला खणखणीत काढला होता. तुम्हाला तो करमणुकीचा कार्यक्रम वाटला, त्याला मी काय करू?

तुझे बाबा वाईट नाहीत. हे आधीच लिहिते, नाहीतर तू लगेच त्यांची वकिली करायला धावशील. त्यांनी मला आयुष्यात एकदाही नाही म्हटलं नाही. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, ‘कर की, कोण नको म्हणतंय?’ आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं गं. या वाक्याशी कसं भांडायचं, ते मला चाळीस वर्षांत सापडलं नाही.

तुला ती निळी गोधडी आठवते? तुला आठवते ती जुनी, विटकी, खेळताना तुम्ही जिचं घर करायचात ती. ती तशी नव्हती. तीन वर्षं लागली होती मला. निळ्याच्या नऊ छटा, पांढऱ्या चांदण्या आणि मधोमध एकच लाल चौकट. तिची निवड झाली होती, प्रदर्शनासाठी, दुसऱ्या शहरात. दोन दिवस तिथे बसून लोकांना काम दाखवायचं होतं. मी पत्र हातात घेऊन तुझ्या बाबांपुढे उभी राहिले, शाळेतल्या पोरीसारखी. ‘जा की, कोण नको म्हणतंय?’ म्हणाले. पान उलटलं. मग म्हणाले, ‘फक्त त्याच आठवड्यात ताई येतेय मुलांना घेऊन, तेवढं बघ.’ तेवढं म्हणजे सहा माणसांचं जेवणखाण, अंथरूण-पांघरूण, आणि तुम्ही दोघं. मी तेवढं बघितलं. गेले नाही.

गुरुवारी लॅबमधून घरी आले तर ती गोधडी बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली. गाद्या कमी पडल्या म्हणून कपाटातून काढली होती. मुलं तिच्यावर लोळत होती आणि त्या लाल चौकटीपाशी चहाचा कप लवंडला होता. तुझी आत्या म्हणाली, ‘वहिनी, किती ऊबदार आहे हो!’ तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलं होतं की हे पांघरूण नाही, माझी तीन वर्षं आहेत? मी घाईघाईने ती धुवायला टाकली आणि लाल रंग उतरून सगळ्या चांदण्यांवर पसरला. मी मोरीत उकिडवी बसून होते. तुझे बाबा दारात आले, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि म्हणाले काय, तर ‘दुसरी कर की. कोण नको म्हणतंय?’

त्या दिवशी मी ठरवलं की आता विचारायचं नाही.

आता पुढचं नीट वाच. तुझ्या भाषणात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुझ्या हाताच्या गोष्टीला. सात वर्षांची होतीस, शाळेच्या जिन्यावरून पडलीस, हात मोडला. आणि आई तेव्हा दुसऱ्या शाखेत अपघातातल्या माणसांचं रक्त तपासत होती, तिथून धावतपळत आली. असं सांगितलंस तू. तुला तसंच सांगण्यात आलं होतं. मीच सांगितलं होतं.

बुधवारी आमची लॅब एक वाजता बंद व्हायची. घरी मी सांगितलं होतं की बुधवारी सहापर्यंत काम असतं. अडीच वर्षं, ठमे. दर बुधवारी एक वाजता मी पांढरा कोट घडी करून पिशवीत टाकायचे आणि दोन गल्ल्या सोडून एका पडदे शिवणाऱ्या बाईंच्या माडीवर जायचे. त्यांनी मला खिडकीजवळचं एक लांबरुंद टेबल दिलं होतं. त्या फार बोलायच्या नाहीत. त्यांच्या मशीनची घरघर, माझा धावदोरा, आणि पाच तास. सलग पाच तास! तुकडे मांडून ठेवले की पुढच्या बुधवारी तसेच्या तसे. कोणी हात लावलेला नाही. त्या माडीवर मी जशी होते तशी तुमच्यापैकी कोणी मला कधी पाहिलेलं नाही. मी गुणगुणायचे.

तुझा हात मोडला तो बुधवारच होता. शाळेने लॅबला फोन केला. तिथे झाडलोट करणारी म्हणाली, बाई एक वाजताच गेल्या. घरी फोन केला, घरी कोणी नाही. शेवटी तुझ्या बाबांना पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून बोलावून घेतलं. मी सव्वासहाला हसत-गुणगुणत घरात शिरले, तर तू पलंगावर, कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टर, रडून रडून डोळे सुजलेले. ‘आई, तू कुठे होतीस?’ म्हणालीस. आणि माझ्या तोंडून ते अपघाताचं निघालं. इतकं सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

आता तुला वाटेल, मग आईने पश्चात्तापाने बुधवार सोडला असेल. नाही सोडला. आठवडाभर तुझ्या उशाशी बसले, तुला भरवलं, तुझं दप्तर आवरलं, रोज स्वतःला हजार शिव्या घातल्या, आणि पुढच्या बुधवारी एक वाजता पुन्हा माडी चढले. पुढे लॅबच दिवसभर उघडी राहायला लागली तेव्हा ते थांबलं. मी थांबवलं नाही. हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या भाषणानंतर घरी आलो, तुझे बाबा बूट काढत होते, आणि मला ते पोटात ठेववेना. सगळं सांगून टाकलं. त्यांनी बूट हातात धरून ऐकलं. मग म्हणाले, ‘तू एक वाजताच निघतेस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी लॅबमध्ये जाऊन आलो होतो.’

पंचवीस वर्षं, ठमे! पंचवीस वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, अहो, मग तुम्हाला वाटलं तरी काय? तर बुटाची नाडी गुंडाळत म्हणाले, ‘वाटलं, तुझं दुसरं कुणी असेल. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, मग काहीतरी करावं लागलं असतं.’ आणि थोड्या वेळाने, मान वर करून, अगदी सुटल्यासारखं, ‘गोधड्याच ना? एवढंच?’

एवढंच! बायकोला दुसरा माणूस आहे असं समजून हा मनुष्य पंचवीस वर्षं सुखाने जेवला, पण बुधवारची संध्याकाळची भांडी मी घासतो, तू बस शिवत, असं म्हणणं त्याला सुचलं नाही. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलंय, त्यांना विचार. तेव्हापासून आमच्या घरात भांडी तेच घासतायत. वाईट घासतात. मी काही बोलत नाही, पुन्हाही घासत नाही.

आता तुझ्याकडे येते. भाषण संपवून तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, मिठी मारलीस आणि कानात म्हणालीस, ‘आई, तुला जमलं, मला नाही गं जमत. पोरगी, नोकरी, मी थकले. मी ते शिवणकाम सगळं सोडून देणार आहे.’ मी काही बोलणार तेवढ्यात मला फोटोसाठी ओढून नेलं. आणि चारच दिवसांनी तुझ्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मला कळवलं की तू इमारतीत चिठ्ठी लावली आहेस, ‘शिलाई मशीन, उत्तम स्थितीत, वापरायला वेळ नाही, हवं त्याने घेऊन जावं.’ हवं त्याने! मशीन न्यायला जो उंच, मिशीवाला गृहस्थ आला होता, ज्याला तू कापडाचे गठ्ठेही फुकटात देऊन टाकलेस, तो आमच्या लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर आहे. मीच पाठवला होता. मशीन दादाच्या रिकाम्या खोलीत ठेवलंय, तेल घालून. माझ्यासारखं जमत नाही म्हणून तू ते सोडत होतीस, आणि माझ्यासारखं कुणालाच जमलेलं नाही, मलाही नाही, हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते माझ्याशिवाय कोण सांगणार? शनिवारी ये. एकटी ये, नातीला बघायला जीव तळमळतो माझा, पण शनिवारी नको. घरी काय सांगायचं ते खरं सांग. ‘मी शिवायला चाललेय, संध्याकाळी येईन, तोवर पोरगी तुझ्याकडे.’ आणि तुझा नवरा जर म्हणाला ‘जा की, कोण नको म्हणतंय?’ तर तिथेच थांब, पोरगी त्याच्या कडेवर दे, आणि मगच दार उघड.

तुझीच, आणि अजून रागातच,
आई