बारावा बिल्ला

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आलं ते — काळा दगड, नावं कोरलेला, ४२००. वाहतूक ३५०. सिमेंट दोन पोती, ७६०. पितळ घासायची पावडर, १४०. टेम्पोवाल्याला चहा दिला तो घरातला, म्हणून समितीच्या वहीत नाही.

ही वही माझ्याकडे आली कारण मी मॅट्रिक, आणि बाकी कोणाला नकोच होती.

खाणीच्या जुन्या न्हाणीघरात गावाच्या इतिहासाचं दालन होतंय. दगडावर बारा नावं — बावीस वर्षांपूर्वी खाणीत पाणी घुसलं तेव्हा खाली राहिलेल्यांची. अकरा जण मिळाले. बारावे आमचे भावोजी, ह्यांचे धाकटे भाऊ, ते मिळालेच नाहीत. तेवीस तारखेला दगडावरचा पडदा धाकटीच्या, म्हणजे माझ्या जावेच्या हातून काढायचा ठरलंय.

दगड उतरवायला हे आले नाहीत. पाठ दुखते म्हणे. सकाळी पोतं उचललं तेव्हा दुखत नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीचे मास्तर दालनाच्या फलकाचा मजकूर दाखवायला आले. ‘गावातील सोयी — दवाखाना, टपाल, वाचनालय, बस, चोवीस तास पाणी.’ मी म्हटलं, “मास्तर, दवाखाना फक्त मंगळवारी. तोही नर्सबाईंना बस मिळाली तर.”

“वहिनी, फलकावर एवढं कुठे लिहितात?”

“मग चोवीस तास तरी खोडा. खाणीचा पंप होता तेव्हाची गोष्ट ती.”

खोडलं. खोटं पितळेवर कोरायला दर अक्षरी सहा रुपये पडतात.

मास्तर जाताना ह्यांना म्हणाले, “खाणीच्या दिवेघराची माहिती तुम्हीच सांगा, एकवीस वर्षं कारकून म्हणून त्या खिडकीत बसलात.” हे म्हणाले, “विसरलो सगळं.” ह्यांना तर आमच्या लग्नातल्या जेवणावरून कोण रुसलं होतं तेही आठवतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे आजही दोन तास वाचनालयात. चष्मा घरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

मन थाऱ्यावर नाही. जप करताना मणी दोनदा चुकला. बाई असेल का? ह्या वयात? वाचनालयात एक ग्रंथपाल, त्याला मिशा आहेत. मग दिवेघरातले पितळेचे जुने दिवे कुठे विकतायत की काय? देवा, माझ्या मनात हे येतं याचीच लाज वाटते. पण येतं.

धाकटी पडद्याला कापड निवडत होती. “ताई, निळं घेऊ? त्यांना निळा आवडायचा.” बावीस वर्षं खाण कंपनीच्या तालुक्यातल्या दवाखान्यात फरशा पुसून म्हातारी झाली ही. नवऱ्याच्या जागी मिळालेली नोकरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवेघरातलं सामान आलं — दिवे नऊ, खिळ्यांची पाटी एक, बिल्ल्यांची पेटी, हजेरीचं रजिस्टर. किंमत काही नाही. मास्तरांनी मलाच पुसून मांडायला सांगितलं.

पद्धत अशी होती — माणूस खाली उतरताना खिडकीतून दिवा घ्यायचा, आणि कारकून त्याच्या नंबरचा बिल्ला पाटीवर लावायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला पेटीत. पाटीवर जेवढे बिल्ले तेवढी माणसं खाली. त्या दिवशी पाटीवर बारा राहिले, म्हणून बारा गेले.

हे म्हणाले, “रजिस्टर मांडू नकोस. वाळवी लागलीय.”

उघडून पाहिलं. वाळवी नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्या दिवसाचं पान. अक्षर ह्यांचं. परत न आलेले दिवे — मी मोजले. अकरा. बोट ठेवून पुन्हा मोजले. अकरा. बिल्ले बारा.

दिव्याशिवाय तर कोणाला खाली उतरायच्या पाळण्यात पाऊलच टाकू देत नसत! भावोजींच्या नंबरापुढे दिव्याचा रकाना कोरा.

माझ्या वहीत असा फरक आला तर मी रात्री झोपत नाही. हे बावीस वर्षं झोपले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रजिस्टर ताटाशेजारी ठेवलं. ह्यांनी घास खाली ठेवला.

“रोज उशीर करायचा तो,” म्हणाले. “अर्धा दिवस कापला जायचा. म्हणून मी त्याचा बिल्ला आधीच लावून ठेवायचो. सगळेच कारकून आपल्या माणसाचा लावायचे गं. मागून धावत यायचा, दिवा न्यायचा. त्या दिवशी आला नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“आधी वाटलं, गर्दीत बिनदिव्याचाच घुसला असेल. पाच महिन्यांनी पत्र आलं. सकाळच्या बसने निघून गेला होता. लिहिलं होतं, मेलेलाच राहू दे.”

तेव्हापासून वर्षाला एक पत्र. वाचनालयाच्या पत्त्यावर. यंदाचं अजून आलेलं नाही, म्हणून रोजच्या चकरा.

“बोललो असतो तर धाकटीची नोकरी गेली असती. माझीही.”

“आधी कोणती आठवली?”

हे उठून हात धुवायला गेले. ताट मी झाकून ठेवलं. अन्न टाकवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटे देवापुढे बसले, पण मागायचं काय ते सुचेना. उठून धाकटीकडे गेले. सगळं सांगितलं. ती निळ्या कापडाला दुमड घालत होती. दुमड पूर्ण केली, दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, “ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहून द्या.”

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिने सांगितलं तसं भावोजींना लिहिलं; पत्ता ह्यांच्याकडच्या शेवटच्या पत्रावरचा. नक्कल इथे ठेवते —

‘तुमचं नाव दगडावर कोरून आलं आहे. यायचं असेल तर रविवारच्या आत या, दगड मी बसू देणार नाही. यायचं नसेल तर तसं तुमच्या हाताने लिहा. मग पडदा मीच काढीन, आणि नाव राहील. दोन्हींपैकी काय ते उलट टपाली कळवावे.’