लांब नळीची फुलं आणि बुडाकडून येणारे चोर

ती. ताई,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून नमस्कार उभ्यानेच. खोकला कसा आहे? (काढा पितेस असं पुन्हा लिहू नकोस. तू तो कुंडीत ओततेस हे तुझ्या लेकीने सांगितलं आहे. तुझा वेल त्यानेच वाळला असावा.)

तुला वेलाचं बी हवं होतं. तुझा गेला, तेव्हा त्या जातीचा माझ्या गॅलरीतला एवढाच उरला, आणि त्याला दोन मोसमांत एकही शेंग धरली नाही. कारण आता सापडलं. चोऱ्या होतात. तेहतीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडलेल्या बाईच्या गॅलरीत, दिवसाढवळ्या.

या फुलाची नळी बोटाएवढी लांब आणि मध तळाशी. रीतसर यायचं तर समोरून तोंड घालून, कपाळाला पराग लावून घेऊन यावं. मध ही त्या हमालीची मजुरी. पण शिंजीर म्हणून जो चिमुकला पक्षी येतो, त्याची चोच या नळीला आखूड पडते. हा गृहस्थ फुलाच्या तोंडाकडे बघतही नाही. बुडाशी चीर पाडतो, पितो आणि जातो. मागोमाग मधमाश्या त्याच चिरेतून आयत्या. (यांना उद्योगी म्हणून मी वर्गात शिकवलं.) शेजारच्या कुंडीतल्या फुलांना बुडाशी जाड हिरवी वाटी आहे, तिथे चोच चालत नाही, म्हणून तिथे सगळे सभ्य.

मी संतापून जाळीच्या चाळीस पिशव्या शिवल्या आणि फुलांना घातल्या. शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेला बारीक टाका अखेर कामी आला. चोरी बंद झाली. शेंगा मात्र तरीही नाहीत. शेवटी तुझ्या लेकीला फोन केला (ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, हे ती मला विसरू देत नाही). ती म्हणाली, "मावशी, चोराबरोबर पोस्टमनलाही बाहेर ठेवलंस. तोंड उघडं ठेव, बूड झाक."

मग सरबत प्यायच्या नळ्यांचे तुकडे कापले, उभे चिरले आणि प्रत्येक फुलाच्या बुडाला कॉलरसारखे बसवले. खालच्या शिंप्याने विचारलं, "बाई, फुलांची मान दुखते का?" मी उत्तर दिलं नाही. (दिलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

शिंजीर दोन दिवस प्लॅस्टिकवर चोच आपटत बसला. तिसऱ्या दिवशी, जी काही फुलं आखूड राहिली होती त्यांत समोरून शिरला, आणि कपाळाला पिवळी पूड लावून शहाण्यासारखा पुढच्या फुलाकडे गेला. तीन शेंगा धरल्या. तुझी लेक म्हणते, तो मुळात चोरही नाही आणि सावही नाही. चोच पोचली तर साव, नाही तर चोर. असली कारणं मी वर्गात कधी ऐकून घेतली नाहीत.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबतच्या पुडीत तिन्ही शेंगांचं बी आहे. मी एकही ठेवलं नाही. कारण खाली.

ता. क. २. शाळेत सिस्टरांच्या लाल फुलांची बुडं चावलेली सापडली होती, आणि तू जवळ उभी होतीस म्हणून तुला आठवडाभर मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. ती मी चावली होती. नळी लांब होती आणि माझी जीभ आखूड (यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही).

ता. क. ३. बी रुजलं, आणि तरीही मला घरात घेणार असलीस, तर एक फूल बिनकॉलरचं ठेव.