जोडीदार ललित भोये

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

आज रुजू झालो. नऊला पोचायचं होतं, मी आठलाच अंबडच्या फाटकावर हजर. आजूबाजूला पत्र्याचे कारखाने आणि त्यांच्या मधोमध ही चार मजली काचेची इमारत. परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेचं तंत्रज्ञान केंद्र. ट्रेनी म्हणून सहा महिने इथं शिकवणार, मग पुणे, आणि नशिबात असेल तर लंडन. आत पाऊल टाकलं की इतका गारवा की अंगावर काटा आला.

सव्वानऊला कागदांवर सह्या केल्या. गळ्यात घालायचं कार्ड मिळालं. फोटोत माझे डोळे मिटलेत, तरी दिवसभर मी ते काढलं नाही. प्रशिक्षण आशा मॅडमकडं आहे. बोलतात हळू, पण कुणी जांभई दिली तरी त्यांना दिसते. जेवणात श्रीखंड होतं. घरी चांदवडला दादांनी पेढे वाटले. आईनं फोनवर विचारलं, बँकेत म्हणजे काउंटरवर बसायचं का. तिला समजावता समजावता मलाच हसू आलं.

खोली पाथर्डी फाट्याला. जोडीला सिन्नरचा अमोल, तोही आमच्याच बॅचचा. शर्टाला इस्त्री करताना शीळ घालतो. माणूस बरा वाटला.

मी आधी प्रतीक्षा यादीत पहिला होतो. मग एक जागा रिकामी झाली. एवढंच.

बुधवार, ८ नोव्हेंबर

काम समजायला लागलंय. लंडनमध्ये कुणी शेअर विकले की विकणाऱ्याची नोंद आणि घेणाऱ्याची नोंद एकमेकांशी जुळावी लागते. नाही जुळली तर सौदा लटकतो. ती जुळवणी करणारे प्रोग्राम आम्ही लिहायचे. आज जोड्या पाडल्या. आम्ही एकेचाळीस जण, त्यामुळं मी एकटा उरलो. माझ्या शेजारची खुर्ची आणि संगणक रिकामा.

हजेरी घेताना आशा मॅडमनी नाव घेतलं, ललित भोये. माझा पेन खाली पडला. जुनी यादी दिसते, असं म्हणून त्या पुढं गेल्या.

ललित माझा वर्गमित्र. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचा. चार वर्षं हॉस्टेलमध्ये आमच्या कॉटा शेजारी शेजारी. मला प्रोग्रामिंग जमलं ते त्याच्यामुळं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो स्वतःचा अभ्यास सोडून मला शिकवत बसायचा. नावं द्यायची त्याची एक मजेशीर सवय होती. प्रोग्राममध्ये सगळे ए, बी, सी लिहायचे, हा नागली, वरई, उडीद लिहायचा. या बँकेची परीक्षा आम्ही बरोबरच दिली. तो यादीत आला.

बाकी काय लिहायचं.

रविवार, १२ नोव्हेंबर

लिहून टाकतो. वहीत तरी खरं असावं.

ललितकडं मोबाइल नव्हता. फॉर्मवर त्यानं माझा नंबर दिला होता. दिवाळीच्या दोन दिवस आधी बँकेतून फोन आला, ललित भोये आहेत का. मी म्हणालो, त्याला दुसरीकडं नोकरी लागली, तो येणार नाही. का म्हणालो? तोंडातून निघून गेलं असं लिहायला इथं सोपं आहे. पण तसं नव्हतं. फोन वाजला तेव्हाच नंबर बघून मी ओसरीवरून उठून गोठ्यामागं गेलो होतो. घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर मला बोलावणं आलं.

भाऊबीजेला ललितनं पाड्यावरच्या दुकानातून फोन केला. काही कळलं का रे, म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, असू दे, तुझं झालं तर मला सांग, मी पेढे घेऊन येईन.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

ललित गेला.

हॉस्टेलच्या दिनेशचा दुपारी फोन आला. नोकरीचं काही होईना म्हणून ललित आईबरोबर दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला निघाला होता. मजुरांची जीप पेठ रस्त्याच्या घाटात उलटली. आई वाचली, हा जागीच गेला. कधी, म्हणून विचारलं. मागच्या सोमवारी, सहा तारखेला. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला.

संडासात जाऊन नळ सोडला आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो. मग तोंड धुतलं आणि वर्गात येऊन बसलो. पुढच्या प्रश्नाला हातसुद्धा वर केला. ही माझी लायकी.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

जुळवणीचा सराव होता. माझा निम्मा अडला होता. चहाला जाऊन आलो तर पुरा झालेला. शेजारचा संगणक चालू. पडद्यावर नागली, वरई, उडीद.

खुर्चीवर हात ठेवला. कुणी नुकतंच उठून जावं तशी ऊब होती.

आशा मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्हा दोघांचं छान झालंय. मी विचारलं, दोघांचं म्हणजे कुणाचं. त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

अमोलनं जेवताना विचारलं, तुझा मित्र इतका गप्प का असतो. कोण, म्हणालो. तो सहज म्हणाला, "ललित रे. तुझ्या शेजारी बसतो तो. परवा दाराशी उभा होता, कार्ड नव्हतं त्याच्याकडं. मी माझ्या कार्डावर आत घेतलं."

मी सांगितलं की ललित सहा तारखेला मेला. अमोल आधी हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. म्हणाला, "मग मी आत कुणाला घेतलं?"

आम्ही दोघंही ताट तसंच ठेवून उठलो.

रविवार, १९ नोव्हेंबर

पेठला जाऊन आलो. झिपरूकाकांना, म्हणजे ललितच्या वडिलांना, सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. एसटीत वाक्यं पाठ केली होती.

काका अंगणात खाट टाकून बसले होते. ललितची आई पुतळाबाई भिंतीला टेकून, हात गळ्यात बांधलेला. ती माझ्याकडं बघत राहिली. काकांनी मला कवटाळलं. म्हणाले, "लय उपकार झाले बाबा तुझे. माझ्या पोराला तू नोकरीला लावला."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. रोज दुपारी बाराला पाड्यावरच्या दुकानात फोन येतो. ललित बोलतो. काम चांगलं आहे म्हणतो, वाल्मीक, म्हणजे मी, शेजारीच बसतो म्हणतो. मी कसाबसा म्हणालो, काका, ललित तर... त्यांनी मान हलवली. "ठावं हाय. माती मीच दिली त्याला. पर फोन येतो. नको बोलू असं कसं म्हणू पोराला?"

बाराला मला दुकानात नेलं. फोन वाजला. काका बोलले, हसले, जेवलास का विचारलं. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

ललितचाच आवाज. अजिबात रागावलेला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी समजावून सांगायचा तसा. "बाबांना सांगितलंस का? तू सांगितलंस की मला जाता येईल. मला इथं फार गार लागतं रे."

काका माझ्याकडं बघत होते. चेहरा फुललेला. सांगितलं तर उद्यापासून त्यांचा फोन बंद. त्यांचा मुलगा मी दुसऱ्यांदा न्यायचा.

मी म्हणालो, हो, सांगितलं.

फोन कट झाला.

परतताना सगळा वेळ एकच. मी काकांसाठी गप्प बसलो की नोकरीसाठी?

मंगळवार, २१ नोव्हेंबर

दिनेशला दुकानाचा नंबर देऊन चौकशी करायला लावली. काका काल बाराला बसले होते. आजही. फोन आलेला नाही.

म्हणजे मी त्यालाही फसवलं आणि काकांचाही फोन तोडला.

अमोल सामान घेऊन चुलतभावाकडं गेला. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

आज हजेरीत मॅडमनी माझं नाव घेतलं नाही. ललित भोये म्हणाल्या आणि शेजारून उत्तर आलं. हजर. सगळ्यांनी ऐकलं. मी मान वळवली तर खुर्ची रिकामी. पायाशी कार्पेटवर लाल माती, घाटातली असते तशी.

मी हात वर केला, माझं नाव राहिलं म्हणालो. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. ओळखीचा चेहरा आठवत नसला की बघतात तसं.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

कार्ड चालत नाही. फाटकावरच्या माणसानं पाहुण्याचा बिल्ला दिला, म्हणाला बाहेरच्या बाकावर बसा.

आशा मॅडम खाली आल्या. मी सगळं सांगितलं, फोनचं, खोटं बोलल्याचं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग फाइल आणून दाखवली. सहा तारीख, सव्वानऊ, सही. सही ललितची. मी ओळखतो ती, भ ची गाठ मोठी. प्रतीक्षा यादीत माझं नाव, आणि पुढं शेरा. फोनवर नकार कळवला.

मी म्हणालो, मी नाही कळवला. त्या म्हणाल्या, मग तुमच्या वतीनं कुणी तरी कळवला असेल. होतं असं कधी कधी. पुढच्या वर्षी परत परीक्षा द्या.

बुधवार, २९ नोव्हेंबर

आईचा फोन. यादीत नाव आलं नाही तर एवढं मनाला लावून घेऊ नकोस म्हणाली. घरी ये. मी विचारलं, दादांनी पेढे वाटले होते ना? तिनं दादांना हाक मारली, जरा बोला याच्याशी, असं.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

जायला हवं पेठला. सांगायला हवं. आता माझ्याकडं राखायला काहीच नाही, तरी पाय —

दोनदा एसटी स्टँडवर गेलो. दोनदा परत आलो.

भ्यालोय तो ललितला नाही. काकांच्या तोंडाला.

शुक्रवार, १ डिसेंबर

अकरा वाजता. अंबड. आज स्टँडवर न जाता इथंच का आलो माहीत नाही. पाहुण्यांच्या खोलीत बसलोय.

समोर झिपरूकाका.

धुतलेली टोपी. मांडीवर फडकं, त्यात नागलीची भाकरी. फाटकावरच्या माणसाला म्हणाले, फोन येत नाय म्हणून आलो, पोराला भेटायचं. त्यानं यादी बघून हसत आत घेतलं. बसा बाबा, बोलावतो.

मला बघून काका हसले. शेजारी जागा दाखवली. मी समोरच बसलो. लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय तोंडातून निघणार नाही.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीची गादी आत्ता दबली.

काका तिकडं वळले. भाकरीचा तुकडा मोडून पुढं धरला. तुकडा — त्यांच्या हातात नाही आता. काका रडताहेत. गालावर हात ठेवलाय, हवेत, पण ठेवलाय. गार पडलास रे, म्हणताहेत.

सांगितलं की तो जाणार. आत्ता, त्यांच्या समोरून. नाही सांगितलं तर तो इथंच, गारठत. दोन्हीकडून मीच —

नाही. बोलतो. हात लिहितोय तोवर बोलतो.

काका, दिवाळीआधी त्याच्यासाठी बँकेचा फोन माझ्याकडं आला होता. मी त्यांना सांगितलं की तो येणार नाही. त्याची जागा मी —

ते ऐकताहेत. हात गालावरून खाली आला. हसू गेलं. गादी अजून दबलेलीच आहे. तो गेला नाही. का गेला नाही, सांगितलं ना मी, सगळं सां—

काका उठले. खुर्चीही सरकली. दोघंही आता माझ्याक