सतरा नंबरची निगेटिव्ह आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, पाणीपुरवठा कचेरीतला निवृत्त आरेखक आणि छंदाने छायाचित्रकार, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या जावयाचे याबाबत वेगळे मत आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही, कागदपत्रं मात्र करून ठेवा." अशा वेळी शहाण्याने वाक्याचा उत्तरार्ध ऐकावा, म्हणून हा उद्योग.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. न्हाणीघराची खिडकी मी काळ्या रंगाने रंगवलेली आहे. अठ्ठावीस वर्षे ते न्हाणीघर दुपारी दोन ते पाच फोटो धुण्यासाठी राखीव होते आणि त्या वेळात घरातल्या कोणालाही आंघोळ सुचल्यास ती त्याने पुढे ढकलायची असे. मुलीच्या आईने ती काच खरवडून द्या म्हणून अनेकदा सांगितले. मी दर वेळी "बघतो" म्हणालो. आता ती खरवडावी.

कलम २. बँकेतली सर्व बचत मुलीला. तिचे काय करायचे याचा सल्ला जावयाने देऊ नये.

कलम ३. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढण्याचे यंत्र, तसेच ट्रे, चिमटे आणि लाल दिवा मुलगी शिकवते त्या शाळेला द्यावेत. शाळेने ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावू नये. मुलांनी मोडले तरी चालेल.

कलम ४. कॅमेऱ्याची तिपाई शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना कालच देऊन टाकली आहे; सहीला ते आहेत, म्हणून ती या मिळकतीत धरू नये. ते तिच्यावर कुंडी ठेवणार हे मला ठाऊक आहे. या तिपाईने तीन दिवस दीपगृहासमोर धुक्यात उभे राहून काढले आहेत. तिसऱ्या दिवशी धुके हटले तेव्हा कळले की आम्ही दीपगृहाकडे पाठ करून बसलो होतो. तेव्हा कुंडी ही तिला बढतीच आहे.

कलम ५. छायाचित्रण मंडळाच्या चिटणीसांना माझी पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, द्यावी. गेली तीस वर्षे त्यांच्या प्रत्येक फोटोतला समुद्र डावीकडे सांडतो आहे. सोबत चिठ्ठी जोडू नये. त्यांना समजेल. न समजल्यास कोणी समजावू नये.

कलम ६. सहलींचे एकूण एक्केचाळीस अल्बम जावयाला. "हल्ली हे सगळं फोनमध्ये मावतं, बाबा," असे तो मला दर भेटीत सांगतो. म्हणून हे अल्बम फोनमध्ये न घालता, कपाटाचा मधला खण रिकामा करून तिथे ठेवावेत आणि वर्षातून निदान एक अल्बम त्याने मांडीवर घेऊन पाहावा. अकराव्या अल्बमपासून सुरुवात केल्यास हरकत नाही. पहिल्या दहांत मुख्यतः दगडाच्या खाणी आहेत.

कलम ७. आता सामाईक कॅमेरा.

हा कॅमेरा मी आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, अशा दोघांनी मिळून घेतला. मेहुणा घड्याळे दुरुस्त करतो. दोन कॅमेरे तेव्हा परवडत नव्हते, म्हणून नियम ठरला: एक फोटो माझा, एक त्याचा. मी वयाने मोठा, तेव्हा रोलमधला पहिला माझा. बटण दाबले की फिल्म पुढे सरकवायची आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ज्याची पाळी नाही त्याने तोंड उघडायचे नाही. ऊन जात असो, बोट सुटत असो, समोरचा माणूस पाण्यात पडत असो, पाळी ती पाळी. या पद्धतीने आम्ही तेरा वर्षे एक रविवार सोडून एक बाहेर पडलो. तो डबा आणी, मी छत्री. बसमध्ये खिडकीची जागासुद्धा आम्ही आळीपाळीने घेत असू. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस ते होते. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते, त्यालाही नाही.

चौदाव्या वर्षी आम्ही एका दवाखान्याच्या धुलाईखान्यामागे गेलो. तिथल्या मैदानात शंभरेक चादरी दोऱ्यांवर वाळत होत्या. सकाळपासून आम्ही दोघेच कुंपणाच्या भिंतीवर बसून चादरींचे फोटो काढत होतो. एकाएकी एक कुत्रे तोंडात उशीचा अभ्रा धरून दोन चादरींच्या मधून उडाले. चारही पाय जमिनीपासून वर. कोणीतरी बटण दाबले. ते आपणच दाबले, असे आम्हा दोघांनाही अगदी स्वच्छ आठवते.

तो फोटो प्रदर्शनात पहिला आला. फोटोखाली एकच नाव लिहायचा नियम होता. मेहुणा म्हणाला, "भावोजी, बटण माझ्या बोटाखाली होतं." मी म्हणालो, "निगेटिव्ह बघ." फिल्मच्या काठावर कारखान्यातूनच आकडे छापलेले असतात. या निगेटिव्हखाली सतरा होते. पहिला फोटो माझा, म्हणजे सगळे विषम आकडे माझे. त्याने घड्याळे तपासायचे भिंग डोळ्याला लावले, बराच वेळ पाहिले आणि निगेटिव्ह टेबलावर ठेवली. "आकडा तुमचा आहे," तो म्हणाला, "फोटो माझा आहे." मग कॅमेऱ्याची लेन्स काढून खिशात घातली आणि निघून गेला. कॅमेऱ्याचा सांगाडा माझ्याकडे राहिला. गेली एकोणीस वर्षे त्या कॅमेऱ्याने कोणाचाच फोटो काढलेला नाही.

फोटोखाली माझे नाव लागले. मला ढाल मिळाली. पुढच्या वर्षी तो फोटो एका पतपेढीच्या कॅलेंडरवर छापला गेला. त्याच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात ते कॅलेंडर लागले होते. शिंपी, किराणावाला, समोरचा न्हावी, सगळीकडे माझे नाव आणि ते कुत्रे. मला त्या वर्षी फार बरे वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

माझी बायको म्हणाली, "एका कुत्र्यापायी माझं माहेर तुटलं." ती एकटी भावाकडे जाई आणि परत आली की तिकडचे काही सांगत नसे. मीही विचारत नसे.

कलम ८. सहा वर्षांपूर्वी जुन्या निगेटिव्हची यादी करताना मी तो रोल पाकिटातून पूर्ण बाहेर काढला. तोवर आम्ही त्यातला सतरा नंबरचा तेवढा छापला होता. बाकीच्यांकडे कोणी पाहिलेच नव्हते. चार नंबरच्या निगेटिव्हमध्ये मेहुणा आहे. भिंतीवर एक पाय ठेवून, जीभ बाहेर काढून, बुटाची नाडी बांधतो आहे.

चार हा सम आकडा. माझ्या हिशेबाने तो फोटो त्याने काढलेला. पण तिथे आम्ही दोघेच होतो आणि बुटाची नाडी बांधणाऱ्याला समोरून स्वतःचा फोटो काढता येत नाही. म्हणजे चार माझा. म्हणजे सम सगळे माझे, आणि विषम त्याचे.

चूक कुठे झाली ते मला त्याच मिनिटाला कळले. नवी फिल्म घातली की दोन वेळा बटण दाबून सुरुवातीचा भाग वाया जाऊ देतात, तेव्हा पहिला फोटो एकच्या आकड्यावर पडतो. मी चिकटपणाने एकदाच दाबत असे, कारण छत्तीसच्या रोलमध्ये सदतीस फोटो बसवायचे मला व्यसन होते. त्यामुळे माझा पहिला फोटो शून्यावर पडला आणि पुढचे सगळे एकाने मागे सरकले. या काटकसरीबद्दल मंडळात माझे एकदा कौतुकही झाले होते.

हे मला कळले तेव्हा माझी बायको जिवंत होती. त्यानंतर ती दोन वर्षे जगली. त्या दोन वर्षांत मी तिला किंवा तिच्या भावाला काहीही सांगितले नाही. योग्य वेळेची वाट पाहत होतो असे मी स्वतःला सांगत असे. आजारपणात ती एकदा म्हणाली, "अहो, एकदा त्याच्याशी बोला हो." मी म्हणालो, "बघतो." ती गेली त्या दिवशी तो दाराशी आला. मी बाजूला सरकून त्याला वाट दिली, तेवढेच. मला लाज वाटत होती हे खरे, पण त्याहून खरे हे की मला हरायचे नव्हते. मी तिचा अपराधी आहे. याची भरपाई कोणत्याही कलमात होत नाही, म्हणून ती मी केलेली नाही.

कलम ९. मेहुण्याला या मृत्युपत्रान्वये मी काहीही देत नाही. सतरा नंबरची निगेटिव्ह आणि ढाल ही त्याचीच आहेत आणि जे आपले नाही ते देण्याचा अधिकार कोणाला नसतो. ती टेबलावर काढून ठेवली आहेत, त्याने आजच घेऊन जावीत. कॅमेऱ्यातला माझा अर्धा वाटा मुलीला.

त्याला काही न देण्याचे कारण असे. वकीलबाईंनी मला बजावले, "ज्याला यातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार घेऊ नका." मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. मुलीने काल त्याला फोन केला. "मामा, बाबांना सहीला माणूस हवाय." तो म्हणाला, "वाचल्याशिवाय मी पावतीवरसुद्धा सही करत नाही, सांग त्यांना." मला नेमके तेच हवे होते. तोंडाने सांगायचा मी सहा वर्षे प्रयत्न केला, जमले नाही. मेल्यावर वाचून दाखवायची सोय आहे, पण तेव्हा तो काय म्हणाला ते मला ऐकू येणार नाही.

तो आज अकरा वाजता येईल. मुलीने हे कागद खाली जिन्यापाशीच त्याच्या हातात द्यावेत आणि बाजूला व्हावे. वाचून वर यायचे की तिथूनच परत जायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. परत गेल्यास कोणी हाक मारू नये.

कलम १०. गुरुवारी सर्व सुरळीत झाल्यास हे मृत्युपत्र कपाटात ठेवावे. कलम ५ मात्र ताबडतोब अमलात आणावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि त्यातले एक अक्षरही मला बदलायचे नाही.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, पुढची खोली
दिनांक: दहा, मंगळवार, सकाळ

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त आरेखक

साक्षीदार १: शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. (सही केली. कुंडीबद्दल लिहिलेले बरोबर आहे.)

साक्षीदार २: वाचले. दोनदा वाचले. सही करणार नाही. ज्याला काही हवे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वर कलम ९ मध्ये लिहिले आहे. मला भावोजी हवे आहेत. दुसरा माणूस पाहावा. मी वर येतो आहे.